गळलेला काना

मी वर्तमानपत्राच्या डेस्कवर काम करतो. बाहेरून आलेल्या बातम्या मराठीत आणायच्या, कापायच्या, त्यांना मथळे द्यायचे आणि रात्री पान सोडून घरी जायचं. मी कुठल्याही आघाडीवर कधी गेलेलो नाही. मला ठाऊक असलेली सगळी युद्धं एजन्सीच्या कॉपीतून आलेली आहेत, तीही तीन कॉलमांत मावतील एवढी करून. आमच्याकडे 'आज युद्धाचं काय आहे?' असं कुणी विचारलं, तर त्याचा अर्थ 'किती जागा लागेल?' एवढाच असतो.

एका रात्री असंच एक युद्ध माझ्या हातून शहराच्या पानावर जाऊन बसलं आणि कुणाला कळलंही नाही. ते सांगायचं आहे. पण आधी बाईंबद्दल बोलायला हवं, कारण त्यांच्याशिवाय त्या रात्री मला नुसती चूक दिसली असती.

बाई म्हणजे एक निवृत्त शिक्षिका. आयुष्यभर व्याकरण शिकवलं. आमची भेट कधी झालेली नाही, ओळख सगळी फोनवरची. आठवड्यातून एकदा तरी, दुपारी, मी नुकताच येऊन टेकलेलो असताना फोन वाजतो. 'अंक समोर आहे का?' हे पहिलं वाक्य. मग पान, कॉलम, ओळ. बाईंचा आवाज ओळखला की डेस्कवरचे बाकीचे फोन माझ्याकडे सरकवतात. सुरुवातीला मलाही कंटाळा यायचा. ऱ्हस्व-दीर्घ ऐकून घ्यायचं, 'हो बाई, बघतो' म्हणायचं आणि कामाला लागायचं.

एकदा रस्ता रुंद करण्यासाठी जुनी झाडं तोडली होती, त्याची बातमी होती. मथळा माझा: 'रस्तारुंदीकरणात जुनी झाडे पडली'.

'वादळ आलं होतं का हो?' बाईंनी विचारलं.

'नाही बाई, पालिकेनं रस्त्यासाठी...'

'मग पडली कशी? पाडली म्हणा. एका कान्याला शाई ती किती लागते?'

मग त्यांनी मला फोनवरच शिकवणी दिली. मर आणि मार. पड आणि पाड. जळ आणि जाळ. काना नसला की गोष्ट आपोआप घडते. काना दिला की करणारा येऊन समोर उभा राहतो आणि त्याला विचारता येतं, का रे बाबा? सगळ्याच क्रियापदांना काना लागत नाही हेही त्यांनीच सांगितलं. फुटण्याचं फोडणं होतं, सुटण्याचं सोडणं होतं, बुडण्याचं बुडवणं. 'पण काना लक्षात ठेवायला सोपा,' म्हणाल्या.

'चुकून गळला असेल बाई,' मी म्हणालो.

'गळला म्हणू नका. गाळला म्हणा.'

मी हसून फोन ठेवला. टोचलं मात्र होतं.

त्या दिवशी शहर पान पाहणारा सहकारी तापाने घरी होता. त्यामुळे माझं नेहमीचं देश-विदेश आणि त्याचं शहर, अशी दोन्ही पानं माझ्या गळ्यात. संध्याकाळी पाचच्या सुमारास शहरात एक निवासी इमारत खाली आली. पाच मजले, तळमजल्यावर दुकानं. आमचा वार्ताहर तिथूनच फोनवर तुकड्यातुकड्यांनी सांगत होता आणि मी टाइप करत होतो. रहिवाशांचं म्हणणं होतं की एका दुकानाची जागा मोठी करायला काही दिवसांपूर्वी खालचे दोन खांब काढले. पोलिसांनी गुन्हा नोंदवला होता, अज्ञात व्यक्तींविरुद्ध. फोनमध्ये मागे सळ्या कापण्याचा करकराट चालू होता. मधेच वार्ताहर म्हणाला, 'थांब, थांब, सगळ्यांना गप्प राहायला सांगताहेत.' आणि खरोखरच पलीकडे सगळं थांबलं. ढिगाऱ्याखालून कुणाचा आवाज, ठोकणं, काही येतंय का हे ऐकण्यासाठी बचावपथकाने यंत्रं बंद केली होती. मी इकडे एसीच्या गारव्यात, कानाला रिसीव्हर लावून, श्वास धरून बसलो. मला इतक्या लांबून काय ऐकू येणार होतं? पण तेवढा वेळ की-बोर्डवरची बोटं मीही हलवली नाहीत.

मग यंत्रं पुन्हा सुरू झाली. काही ऐकू आलं की नाही, हे त्याने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

त्याच संध्याकाळी देश-विदेशच्या यादीतही एक इमारत होती. दूरच्या एका युद्धातली. युद्धाचं नाव मुद्दामच घेत नाही. नाव घेतलं की वाचणारा आपली बाजू आधी ठरवतो आणि मग त्या चष्म्यातून पुढचं वाचतो. मला जे सांगायचं आहे ते बाजू ठरण्याच्या अलीकडचं आहे. तिथे हवाई हल्ला झाला होता. तासाभरात लष्कराच्या प्रवक्त्याने जाहीर केलं होतं की होय, हल्ला आमचाच. इमारतीत सशस्त्र गटाचं केंद्र होतं. ही 'अचूक कारवाई' होती. मृतांचा आकडा दर अर्ध्या तासाने बदलत होता. आकडा बदलला की कॉपीची पहिली ओळ बदलते, खालचं सगळं तसंच राहतं. इतकी वर्षं हे केल्यावर हात आपला आपण चालतो. मी जुना आकडा खोडून नवा घालत होतो आणि डोक्यात शहर पानावरच्या चित्रओळीची जुळवाजुळव चालू होती.

चित्रंही दोन होती. दोन्हींत वाकलेल्या सळ्या, धूळ, डोक्यावर दिवे लावलेली माणसं. एकात ढिगाऱ्याच्या टोकाला फुलाफुलांची चादर अडकली होती. कोणत्या चित्रात, ते मला आत्ता आठवत नाही.

डाक आवृत्तीची, म्हणजे बाहेरगावी जाणाऱ्या अंकाची, वेळ साडेनऊ. नऊ पंचविसाला मी दोन्ही मथळे एकाच फाइलमध्ये एकाखाली एक टाइप केले. शहरासाठी 'निवासी इमारत कोसळली. मृतांत मुलांचा समावेश'. युद्धासाठी 'इमारत जमीनदोस्त; रात्रीही शोधकार्य सुरू'. त्यांच्यापुढे पान क्रमांक टाकले ते उलटे. दोन्ही मथळे तीन कॉलमी, टाइप एकच, लांबीही जवळपास सारखी. पान लावणाऱ्याने दिले तसे बसवले. वृत्तसंपादकांनी पानांवर सही केली. पानं गेली.

अकराच्या सुमारास छापील अंक वर आले. ओल्या शाईच्या अंकात आपलंच पान वाचताना पडद्यावर न दिसलेल्या चुका दिसतात, त्यामुळे मी ते नेमाने वाचतो. देश-विदेश उघडलं. मथळा वाचला, बातमी वाचली, पुढे गेलो. खालच्या बातमीवर पोचल्यावर काहीतरी खटकलं म्हणून परत वर आलो. 'मृतांत मुलांचा समावेश.' हा मथळा मी इथे दिला नव्हता. शहर पान उघडलं. युद्धाचा मथळा तिथे बसला होता, अगदी ऐसपैस.

पोटात गोळा आला. मथळ्यांची अदलाबदल म्हणजे डेस्कवरची शरमेची चूक. अशा चुकांचे किस्से होतात आणि माणूस नोकरी सोडून गेला तरी किस्सा मागे राहतो. पण पुढच्या पंधरा मिनिटांत जे झालं त्यात ती शरम मागे पडली.

मी अंक पान लावणाऱ्यासमोर धरला. 'काय चुकलंय बघ.' त्याने मथळे पाहिले, रेघा पाहिल्या, चित्राच्या कडा पाहिल्या. 'दोन ओळींतलं अंतर?' म्हणाला. मग मुद्रितशोधकांकडे गेलो. आमच्याकडे आता एकच उरले आहेत, चष्मा कपाळावर चढवून वाचणारे. त्यांनी दोन्ही बातम्या पहिल्या अक्षरापासून शेवटच्या पूर्णविरामापर्यंत वाचल्या आणि 'जमीनदोस्त'मधला मी दीर्घच हवा, तो तसाच आहे, असा निर्वाळा दिला. क्रीडा पानावरच्या मुलीने दोन्ही मथळे मोठ्याने वाचले. 'ठीक तर आहेत,' म्हणाली आणि सामन्याच्या गुणतक्त्याकडे वळली. चौथे वृत्तसंपादक. त्यांना मी काय झालं ते सांगूनच टाकलं. त्यांनी एकदा हे पान, एकदा ते पान पाहिलं आणि म्हणाले, 'मग बिघडलं काय? दोन्ही मथळे दोन्ही बातम्यांना चालताहेत.'

चालत होते. भानगड तीच तर होती. शहरातल्या मृतांतही मुलं होती. दूरच्या ढिगाऱ्यावरही रात्री शोध चालू होता. एक अक्षर खोटं नव्हतं. एका इमारतीचे खांब कुणीतरी काढले होते, दुसरीवर कुणीतरी आकाशातून बॉम्ब टाकले होते, आणि माझ्या मथळ्यांत दोन्ही इमारती दमून आपणहून खाली बसल्यासारख्या दिसत होत्या. व्याकरणाच्या हिशेबाने 'इमारत कोसळली' या वाक्याला कर्ता आहे. इमारत. म्हणजे जे काही केलं ते तिनेच.

मग मी तोच अंक बाईंच्या नजरेने चाळला. 'तणाव निर्माण झाला.' 'हिंसाचार उसळला', जणू भरतीची वेळ झाली होती. 'गोळी लागून जखमी.' 'झोपड्या हटवण्यात आल्या.' हे 'ण्यात आल्या' प्रकरण आणखी निराळं. तिथे करणं असतं, हात चाललेला दिसतो, फक्त ज्याचा हात तो खुर्चीवरून उठून गेलेला असतो. आणि आमचं सगळ्यात लाडकं 'मृत्युमुखी पडले'. त्यात मृत्यू आ वासून एका जागी बसलेला असतो आणि माणसंच चालत जाऊन त्याच्या तोंडात पडतात. एजन्सीच्या इंग्रजी कॉपीत 'मारले गेले' अशा अर्थाचं क्रियापद होतं. ते 'मृत्युमुखी पडले' मी केलं होतं. वरून कुणाचा फोन आला नव्हता, मालकांनी बोलावलं नव्हतं, कुठल्या पक्षाचा माणूस येऊन बसला नव्हता.

'ध'चा 'मा' झाल्याची गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलेली आहे. १७७३ साली नारायणराव पेशव्यांबद्दलच्या हुकमातल्या 'धरावे'चं कुणीतरी 'मारावे' केलं, असं सांगतात. खरं-खोटं इतिहासकार जाणोत. त्या गोष्टीत अक्षर बदलतं आणि खून घडतो. आमच्या धंद्यात उलटं चालतं. खून घडून गेलेला असतो, आम्ही अक्षरांतून तो काढून घेतो. त्याला कारस्थान लागत नाही, नऊ पंचवीस वाजलेले असले की पुरतं.

शहर आवृत्तीला पाऊण तास होता. मी नवे मथळे लिहून वृत्तसंपादकांच्या टेबलावर ठेवले. युद्धाचा: 'लष्कराने निवासी इमारत पाडली'. शहराचा: 'खांब कापून इमारत पाडली'. मनातल्या मनात मी जरा खूशच होतो.

त्यांनी चष्मा काढला. चष्मा काढला की व्याख्यान असतं.

'आधी शहराचा. खांब कुणी कापले?'

'दुकानवाल्याने. रहिवासी सांगताहेत.'

'रहिवासी सांगताहेत. पोलिसांनी नाव लिहिलंय? नाही. उद्या निघालं की शेजारच्या खोदकामाने पाया खचला होता, तर तुझा हा काना कुणाच्या गळ्यात घालणार?' बाईंच्या कान्याची गोष्ट मी त्यांना कधीतरी सांगितली होती, हे तेव्हा आठवलं. 'मेन नावाची युद्धनौका ऐकली आहेस?'

ऐकली होती, पण ते कुठे जाणार आहेत ते कळलं नव्हतं. १५ फेब्रुवारी १८९८ च्या रात्री हवानाच्या बंदरात ही अमेरिकी नौका स्फोट होऊन बुडाली. २६० हून अधिक माणसं गेली. क्यूबा तेव्हा स्पेनच्या ताब्यात होता. न्यूयॉर्कच्या खपाऊ वर्तमानपत्रांनी थेट स्पेनकडे बोट दाखवलं. अमेरिकी नौदलाच्या चौकशीनेही स्फोट सुरुंगाने झाला असाच निष्कर्ष काढला, कुणाचा सुरुंग ते न सांगता. एप्रिलमध्ये युद्ध सुरू झालं. मग १९७६ साली अमेरिकी नौदलाचेच ॲडमिरल रिकोव्हर यांनी ते सगळं प्रकरण पुन्हा तपासून घेतलं, तर स्फोट नौकेच्या आतच झाला असावा, बहुधा कोळशाच्या कोठारातल्या आगीने दारूगोळा पेटला असावा, असं निघालं.

'बुडाली होती,' वृत्तसंपादक म्हणाले. 'आपल्याच धंद्यातल्या लोकांनी बुडवली असं छापलं. बाईंना हेही सांग एकदा.'

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही पुरतं नाही. युद्धनौका तरी लांबची झाली. कुठल्याही शहरात दुपारी कुणी गाडीवरून पडतो, संध्याकाळपर्यंत तो 'पाडला' होतो आणि रात्री त्या रस्त्यावरची दुकानं जळत असतात. 'जाळली' म्हणायला हवं, पण तिथेही कुणी जाळली हे विचारायचं धाडस कमीच जणांना असतं. काना म्हणजे आरोप. हातात पुरावा नसताना तो फेकला तर तो दगडच.

'बरं,' मी म्हणालो. 'शहराचं मान्य. पण युद्धाचं? तिथे कुणी केलं हे शोधायला नकोच आहे. तो माणूस कॅमेऱ्यासमोर उभा राहून सांगतोय, आम्ही केलं. करणारा कबूल करतोय आणि आपण इमारतीवर ढकलतोय.'

ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, 'तो कारवाई म्हणतोय.'

कारवाई हा शब्द मला त्या रात्रीपासून सरळपणे वाचता येत नाही. आमच्या शहर पानाचा तो दैनंदिन खुराक आहे. फेरीवाल्यांवर कारवाई, चुकीच्या जागी लावलेल्या गाड्यांवर कारवाई, कर थकवणाऱ्यांवर कारवाई. त्या शब्दाला पावतीपुस्तकाचा वास आहे. कारवाई ज्याच्यावर होते त्याचं काहीतरी चुकलेलंच असतं, आणि करणारा नुसता नेमून दिलेलं काम करत असतो. म्हणूनच तो शब्द बॉम्बला इतका फिट्ट बसतो. २४ फेब्रुवारी २०२२ ला रशियाने युक्रेनमध्ये फौजा घातल्या तेव्हा नाव दिलं 'विशेष लष्करी कारवाई'. दोनच दिवसांत तिथल्या माध्यम नियामकाने वर्तमानपत्रांना युद्ध, आक्रमण, हल्ला हे शब्द वापरल्याबद्दल तंबी दिली. ४ मार्चला कायदा आला: सैन्याबद्दल 'खोटी माहिती' पसरवली तर १५ वर्षांपर्यंत कैद. त्या आठवड्यात आमच्या डेस्कवर मी 'युद्ध' असा सहा कॉलमी मथळा दिला होता आणि तसा शब्द तिकडे कुणाला किती महाग पडेल याचा विचार करून मला स्वतःबद्दल बरंही वाटलं होतं. तिकडे शब्द न गाळल्याबद्दल तुरुंग होता. इकडे मला कुणी काही करणार नव्हतं, तरी गाळत होतो.

बाराला दहा मिनिटं असताना आमचं जमलं. युद्धाचा मथळा: 'लष्कराने निवासी इमारतीवर बॉम्ब टाकले, मृतांत मुले'. खाली उपमथळा, सशस्त्र गटाचं केंद्र असल्याचा लष्कराचा दावा. शहराचा: 'इमारत कोसळली, खांब काढल्याचा रहिवाशांचा आरोप'. पान लावणारा वैतागला, कारण पहिला मथळा मावेना. टाइप दोन पॉइंटने उतरवावा लागला. ही आमच्या धंद्यातली एक गोष्ट बाहेर फारशी कुणाला माहीत नसते: करणारा आला की मथळा लांबतो. अर्धं राजकारण आम्ही जागा नाही म्हणून करतो.

एक वाजता बाहेर पडलो. रात्री त्या वेळी शहर आपलं वाटतं, दिवसा ते कुणाचं असतं कोण जाणे. घरी चालत जाण्याइतकं अंतर आहे. वाटेत नेहमीच्याच इमारती. बहुतेकींच्या खाली गाड्या लावायला जागा सोडलेली, म्हणजे वरचे सगळे मजले, झोपलेली सगळी माणसं खांबांवर. इतकी वर्षं त्या रस्त्याने जातोय, खांब कधी पाहिले नव्हते. त्या रात्री मोजत गेलो. एका ठिकाणी खांबाला नवं प्लास्टर होतं. एरवी मला ते छान दिसलं असतं.

डोक्यात दुसरंच चक्र चालू होतं, युद्धांच्या नावांचं. १९२८ साली पॅरिसमध्ये देशांनी युद्ध हा धोरणाचा मार्ग म्हणून सोडून देण्याचा करार केला. सह्या करणाऱ्यांत जपान होता. तीन वर्षांनी जपानी फौज चीनच्या मांचुरिया प्रांतात शिरली, त्याचं नाव 'घटना'. १९३७ मध्ये चीनशी उघड लढाई जुंपली, तीही 'घटना'च. युद्ध जाहीर केलं असतं तर अमेरिकेच्या तटस्थतेच्या कायद्यामुळे शस्त्रं आणि माल मिळणं अडलं असतं, आणि ती अडचण दोन्ही बाजूंना होती. चीनने जपानविरुद्ध रीतसर युद्ध पुकारलं ते ९ डिसेंबर १९४१ ला. तोवर साडेचार वर्षं लाखो माणसं एका घटनेत मरत होती.

पण माझ्या मनात जास्त रुतलं ते कोरियाचं. २९ जून १९५० च्या पत्रकार परिषदेत अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष ट्रुमन म्हणाले की आम्ही युद्धात नाही. तेव्हा एका पत्रकाराने विचारलं, मग याला संयुक्त राष्ट्रांच्या वतीने चाललेली पोलिसी कारवाई म्हणता येईल का? ट्रुमन म्हणाले, हो, अगदी तेच. पुढची तीन वर्षं तो शब्द चिकटून राहिला. तो त्यांना एका पत्रकाराने आयता काढून दिला होता. बिचाऱ्याला बहुधा दुसऱ्या दिवशीच्या मथळ्यात मावेल असं काहीतरी हवं असेल.

नुसतं खरं नाव दिल्याने काही सुटतं, असंही नाही. अमेरिकेचं 'युद्ध खातं' १९४७ मध्ये गेलं आणि १९४९ पासून 'संरक्षण खातं' हे नाव आलं. ब्रिटनचं 'वॉर ऑफिस' १९६४ मध्ये संरक्षण मंत्रालयात विरघळलं. मला हा ढोंगीपणाचा मोठा नमुना वाटायचा. मग सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेत 'युद्ध खातं' हे दुय्यम नाव म्हणून पुन्हा वापरायचा आदेश निघाला, तेव्हा प्रामाणिकपणा परत आला म्हणून मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. नाव लपवण्यात थोडी लाज तरी असते.

कन्फ्यूशियसला त्याच्या एका शिष्याने विचारलं होतं, राज्यकारभार हाती आला तर तुम्ही आधी काय कराल? तो म्हणाला, नावं नीट करीन. शिष्याला ते फारच आडवळणाचं वाटलं. त्यावर कन्फ्यूशियसने त्याला झाडलं आणि नावं बिघडली की काय काय बिघडत जातं याची साखळी सांगितली. तिच्या शेवटच्या टोकाला, लोकांना आपले हातपाय कुठे ठेवावेत हेही कळेनासं होतं. रात्री दीड वाजता, नव्या प्लास्टरच्या खांबाखालून जावं की रस्त्याच्या मधून, असा विचार करत मी उभा होतो तेव्हा ते टोक मला समजलं. रस्त्याच्या मधून गेलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी अग्निशमन दलाने शोध थांबवला. सहकाऱ्याचा ताप उतरला होता, शहर पान त्याच्याकडे परत गेलं. दूरच्या युद्धात आणखी एक इमारत होती, पण त्या दिवशी जागा कमी होती, एका कॉलमात गेली. वृत्तसंपादक जाता जाता म्हणाले, डाक आवृत्तीत चुकीचे मथळे गेलेत, वाचकांसाठी दोन ओळी टाक. मी तिथल्या तिथे लिहून दिल्या. चौकट गेली.

त्याच्या पुढच्या दिवशी बाईंचा फोन आला. मी वाटच पाहत होतो म्हणा. 'लष्कराने बॉम्ब टाकले' हा मथळा त्यांनी वाचलेला असणार होता, आणि शाबासकी नाही तरी निदान 'पाहिला' एवढं त्या म्हणतील अशी माझी अपेक्षा होती.

'अंक समोर आहे का?'

'आहे बाई.'

'पान दोन. खाली उजवीकडे, चौकट. मोठ्याने वाचा.'

मी वाचू लागलो. 'परवाच्या डाक आवृत्तीत पान पाच व नऊवरील दोन बातम्यांच्या मथळ्यांची अदलाबदल...'

इथे थांबलो.

'पुढे?'

'झाली,' मी म्हणालो.

'अस्सं. कशी काय हो?'

'माझ्याकडून झाली, बाई.'

'कडून?' पलीकडे कागदावर पेन्सिल टेकवल्याचा आवाज आला. 'म्हणजे ती आपली चालली होती आणि तुम्ही वाटेत उभे होतात. पुन्हा सांगा.'